ऑर्मरॉडचे हातमोजे

१

हाफटाइमची शिट्टी झाली आणि सिरिल एन्टविसलने मेन स्टँडखालच्या खोलीचं कुलूप काढलं. मार्लडेन टाउन फुटबॉल क्लबचा सगळा इतिहास त्या एका खोलीत राहत होता: पिवळे पडलेले फोटो, चामड्याचे कडक चेंडू, कुणाचे बूट, कुणाची टोपी. सामन्याआधी सिरिल खोली उघडायचा, खेळ सुरू होताना बंद करायचा आणि हाफटाइमला पुन्हा उघडायचा. त्याच्या मागोमाग चहाचा मग सांभाळत हिल्डा ॲस्पिनॉल आत शिरली. इतिहासाचं तिला फारसं कौतुक नव्हतं, पण खोलीत हीटर होता.

"बँबरने काय डोकं लावलं चेंडूला," ती म्हणत होती. "पाहुण्यांच्या कप्तानाची बरी जिरली. टॉस जिंकला म्हणून कुणी मुद्दाम बाजू उलटवतं का?"

तिचा राग रास्त होता. विव्हर्स लेनच्या मैदानावर टाउन पहिल्या हाफला रेल्वे एंडच्या गोलावर चाल करते आणि दुसऱ्या हाफला चिमणी एंडच्या, ही रीत तिच्या आजोबांच्या वेळेपासूनची. चिमणी एंड म्हणजे जुन्या गिरणीच्या चिमणीखालचा, उभ्याने सामना बघायचा पायऱ्यांचा उतार. गावातले खरे वेडे तिथे उभे राहतात, आणि शेवटच्या धुमश्चक्रीतला गोल आपल्या नाकासमोर व्हावा एवढीच त्यांची देवाकडे मागणी असते. पाहुणे सहसा ही रीत पाळतात. आजच्यांनी खोडी काढली, टाउनला उलटं खेळायला लावलं, आणि पहिल्याच हाफला बँबरने चिमणी एंडच्या पुढ्यात गोल ठोकून त्यांचे दात त्यांच्याच घशात घातले.

सिरिल मात्र मधल्या काचेच्या कपाटापुढे उभा होता आणि त्याचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला होता.

"हिल्डा, ऑर्मरॉडचे हातमोजे गेले," तो म्हणाला.

ऑर्मरॉडचं नाव मार्लडेनमध्ये तान्ह्या पोराला माहीत असतं. छत्तीस साली टाउन पहिल्यांदा आणि शेवटचं कपच्या फायनलला पोचली. सामना बरोबरीत होता, संपत आला होता, आणि एक साधा चेंडू गोलकीपर वॉल्टर ऑर्मरॉडच्या हातांत आला तो हातांतून सुटून जाळ्यात गेला. कप गेला. ऑर्मरॉड बायकोमुलाला घेऊन गाव सोडून गेला, पुढे युद्धात बोटीबरोबर बुडाला म्हणतात. नाव मात्र इथेच राहिलं. पबमध्ये कुणाच्या हातून ग्लास पडला की सगळा पब एका सुरात "ऑर्मरॉड" म्हणून ओरडतो. लग्नात नवऱ्याच्या हातून अंगठी निसटली तरी तेच.

त्याच सामन्यातले ते राखाडी लोकरीचे हातमोजे. त्यांचीही वेगळी चेष्टा होती, कारण डाव्या हातमोज्यात मधल्या दोन बोटांना मिळून एकच रुंद बोट विणलेलं होतं. ऑर्मरॉडला पकडता येत नव्हतं आणि त्याच्या बायकोला मोजता येत नव्हतं, असं लोक म्हणायचे.

हिल्डाने मग खाली ठेवला. पोलिसात तिची सगळी नोकरी झाली होती, त्यातली बरीच हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे. वस्तू कशा जातात आणि कुणाकडे जातात याचा तिला अंदाज होता. कुलूप तोडलेलं नव्हतं. काच शाबूत होती. हातमोज्यांच्या शेजारी फायनलचं चांदीचं पदक होतं तसंच चमकत पडलं होतं. आणि हातमोज्यांपुढे सिरिलने सुंदर अक्षरात लिहिलेलं जे कार्ड असायचं, 'हेच ते हात, ज्यांतून कप निसटला', ते कार्ड कुणीतरी पालथं घालून ठेवलं होतं.

ती ते उचलणार एवढ्यात मागून आवाज आला, "कशालाही हात लावू नका. आणि मिस्टर एन्टविसल, किल्ली माझ्या हातात द्या."

२

दारात क्लबचे नवे मॅनेजर रूपर्ट प्रेंटिस उभे होते. खेळाडूंचे नव्हेत, धंद्याचे मॅनेजर. पुढच्या शनिवारी विव्हर्स लेनवरचा शेवटचा सामना होता. त्यानंतर क्लब हमरस्त्याकाठच्या नव्या मैदानात जाणार होता आणि इथे घरं उठणार होती. हे सगळं घडवून आणायला प्रेंटिस लंडनहून आले होते, आणि आल्या दिवसापासून सिरिल त्यांच्या डोळ्यांत खुपत होता.

"एक किल्ली, एक माणूस. यात तपास कसला करायचा?" ते म्हणाले.

"किल्ली खेळ सुरू असताना चहाच्या काउंटरमागच्या खिळ्यावर असते," सिरिल म्हणाला. "जुन्या रेनकोटाखाली. मी आजही तिथेच अडकवली."

"म्हणजे सगळ्या गावासाठी टांगली म्हणा की. उत्तम. सोमवारी सकाळी बोर्डाची बैठक आहे. तोवर हातमोजे आले नाहीत तर ही खोली तुमच्याकडे राहणार नाही, आणि नव्या मैदानातली तर नाहीच नाही."

सिरिल खुर्चीत बसला. बायको गेल्यापासून त्याने या खोलीशिवाय दुसरं काही जपलं नव्हतं. मूल नाही, बाळ नाही. आठवड्यातले चार दिवस तो इथे येऊन काचा पुसायचा, नसलेल्या धुळीसकट. ही खोली गेली तर सिरिलचं काय होईल हे हिल्डाला नीट दिसत होतं, आणि ते तिला अजिबात बघायचं नव्हतं.

"मिस्टर प्रेंटिस, गोल कसा झाला हो?" तिने अगदी गोडीने विचारलं.

"कसला गोल?"

"आत्ताचा. आपला."

"मी पाहुण्यांना नव्या मैदानाचा नमुना दाखवत होतो. गोल चुकला." त्यांनी खांदे उडवले. "माझ्यावर संशय घेताय? अहो, ते हातमोजे मला तुमच्याहून जास्त हवेत. नव्या दारात शिरल्या शिरल्या तेच दिसणार आहेत. मोठी काच, वर दिवे, आणि शेजारी मुलांसाठी खेळ. लाकडी गोलकीपर, त्याच्या हातांतून चेंडू आत घालायचा. 'ऑर्मरॉडला हरवा.' आजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलंय मी, मागच्या पानावर. लोकांना फार आवडलंय."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. सामन्याला येऊन गोल न बघितल्याचं खोटं मार्लडेनमध्ये कुणी सांगणार नाही, त्यात कसली शोभा? आणि लाकडी ऑर्मरॉड रंगवून तयार असताना त्याचे हातमोजे तो कशाला लपवील?

"त्या खिळ्याची माहिती कुणाकुणाला आहे?" प्रेंटिस गेल्यावर तिने विचारलं.

"तू. मी. प्रेंटिसला मीच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी." सिरिलने चष्मा काढला. "हर्बर्ट डक्सबरीला माहीत आहे. आणि अल्फला."

"आपल्या अल्फला?"

"दर उन्हाळ्यात बाकं हलवायला, काचा पुसायला तोच तर येतो. पण हिल्डा, अल्फचं नाव घेऊ नकोस. त्याच्यावर संशय घ्यायचा तर मग माझ्यावरच घे."

हिल्डाने कार्ड उलटून सुलट केलं, वाचलं आणि पुन्हा पालथं घातलं. चोराला ते वाक्य वाचवत नव्हतं, एवढं तिला कळलं होतं.

३

हर्बर्ट डक्सबरी टाउनच्या वस्तू जमवायचा. त्याच्या घरी जुन्या कार्यक्रमपत्रिकांच्या थप्प्या जिन्यापर्यंत आल्या होत्या आणि बायको म्हणे माहेरापर्यंत गेली होती. सामना संपल्यावर हिल्डाने त्याला मीट-पाय आणि मटार विकणाऱ्या गाडीपाशी गाठलं. चष्म्याच्या एका काचेवर चिखल वाळलेला, त्यातूनच तो ताटलीतल्या रश्शाकडे प्रेमाने बघत होता.

"मी चोरले?" तो घास न थांबवता म्हणाला. "अगं बाई, शेजारी पदक असताना? तेवढं पदक मला दे, मी घर विकून तुझ्याकडे भांडी घासायला येतो. पण ते हातमोजे मी फुकटसुद्धा घेणार नाही. बोटं जोडलेली, लोकर उसवलेली. कपाटात जागा कोण अडवणार?"

"चष्म्याला काय झालं?"

"हा?" हर्बर्टचा चेहरा एकदम उजळला. "हा बँबरचा चिखल. मी चिमणी एंडला अगदी कठड्याशी होतो. त्याने डोकं मारलं, घसरत आला तो थेट माझ्यापुढे. काचेवर चिखल उडाला. आता हा पुसायचा नाही. शेवटून दुसऱ्या सामन्याचा गोल आहे तो."

"तसाच घरी जाणार?"

"तसाच झोपणार."

त्याच्यावरचा संशय हिल्डाने तिथेच सोडला. कठड्याशी चिखल खाणारा माणूस त्याच वेळी मेन स्टँडखाली कुलूप उघडू शकत नाही.

"अल्फ होता तिथे?" तिने जाता जाता विचारलं.

"हे काय विचारणं झालं? अल्फ कधी नसतो?"

"पण तू पाहिलास का?"

"पाहायचं कशाला?" हर्बर्ट म्हणाला. "चर्चच्या घड्याळाकडे आपण रोज बघतो का? ते असतंच. अल्फने गाणं उचललं, सगळ्यांनी ओढलं. खेळ सुरू व्हायच्या आधी तर माझ्या कानातच ओरडत होता."

"आणि सुरू झाल्यावर?"

हर्बर्टचा चमचा थांबला. गोल झाल्यावर गाणं कुणी उचललं, हे त्याला काही केल्या आठवेना.

४

अल्फ टॅटरसॉल बसच्या डेपोतून निवृत्त व्हायला आला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना कामाला म्हणून दुसऱ्या गावातून मार्लडेनला आला आणि चिमणी एंडला जाऊन उभा राहिला तो उभाच. अंगापिंडाने थोराड, आवाज असा की रेल्वे एंडचे लोक कानावर हात ठेवायचे. पबमध्ये ग्लास पडला की "ऑर्मरॉड" म्हणून पहिली आरोळी त्याचीच. गेल्या हिवाळ्यात म्हातारी आई थकली म्हणून त्याने तिला गावाकडून आणून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं.

रविवारी सकाळी हिल्डा त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने दार उघडलं ते कोट घालूनच.

"ये ना. बाहेरच निघालो होतो. आईकडे," तो म्हणाला. "चहा टाकू?"

"काल पबमध्ये दिसला नाहीस. जिंकून पबमध्ये नाहीस म्हणजे मला वाटलं आजारी पडलास."

"आईला बरं नाही. रात्र तिच्यापाशीच काढली."

त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढलेली होती. हिल्डाने हातमोज्यांचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि किटलीकडे वळला.

"सिरिलवर ढकलतायत," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत सापडले नाहीत तर त्याची खोली जाणार."

किटलीवरचा अल्फचा हात थांबला. "सिरिलची? सिरिलचा काय संबंध?"

"किल्ली त्याची."

"पण हा तर सरळ अन्याय आहे."

"ते प्रेंटिसला सांग." तिने खुर्ची ओढली. "तू काल होतास ना? काही दिसलं का तुला, कुणी मेन स्टँडकडे जाताना?"

"मी खेळ बघतो गं, माणसं नाही."

"गोल तरी पाहिलास का? मी चहाच्या नादात नीट पाहिलाच नाही बघ," हिल्डा म्हणाली. थापा ती फार सहज मारायची.

"आम्हाला तरी कुठे दिसला?" अल्फ हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "पहिल्या हाफचा गोल. पार तिकडे, रेल्वे एंडला. आमच्या एंडहून माणसं मुंग्यांएवढी. जाळं हललं तेव्हा कळलं बँबरने डोकं लावलं म्हणून. मग काय, बोंबललो."

"हो, लांबून तसंच," हिल्डा म्हणाली.

तिने चहा संपवला, आईला नमस्कार सांग म्हणाली आणि निघाली. विव्हर्स लेनच्या कोपऱ्यावर तिचे पाय आपोआप थांबले, आणि समोर चिमणी एंडचं लाल फाटक बघत ती नुसती उभी राहिली. हर्बर्टच्या चष्म्यावरचा चिखल तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

अल्फ कालच्या सामन्याला नव्हताच.

५

तिला आनंद झाला नाही. सबंध मार्लडेनमध्ये अशी चूक करणं अल्फलाच शक्य होतं. बाहेरच्या माणसाने गोल कुठे झाला हे आधी कुणाला तरी विचारून घेतलं असतं. अल्फने रेडिओवर ऐकलं असेल, पहिल्या हाफला बँबरचा गोल. आणि पहिला हाफ म्हणजे रेल्वे एंड, यात विचारायचं काय, असं इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं. टाउनचा इतका पक्का माणूस नसता तर तो सापडला नसता.

पण का? ती सिरिलकडे गेली. सिरिल न जेवता बसला होता, रविवारचं मटण ताटात गार झालं होतं. तिने त्याला कोट घालायला लावला आणि टेकडीच्या रस्त्याला लागली.

"कुठे चाललोय आपण?"

"हातमोज्यांकडे. एक सांग, त्या डाव्या हातमोज्याचं विणकाम तू कधी जवळून पाहिलंस?"

"रोज पाहतो. दोन बोटांचं एक केलंय. ढिसाळ."

"बाकीचं कसं आहे?"

सिरिल चालता चालता थांबला. त्याची आई गिरणीत होती, मावश्या गिरणीत होत्या, लोकर-सुताचं त्याला कळत होतं. "बाकीचं फार सुरेख आहे," तो हळूच म्हणाला. "एक टाका चुकलेला नाही. त्या रुंद बोटालासुद्धा नाही."

"मग ज्या बाईचा एक टाका चुकत नाही तिचं एक बोट कसं चुकेल? आपण विणकरांचं गाव म्हणवतो, सिरिल. आणि इतकी वर्षं काचेपुढे उभे राहून हसलो."

वृद्धाश्रमातल्या खोलीत खिडकीपाशी एक अगदी लहानखुरी म्हातारी बसली होती. मांडीवर राखाडी हातमोजे. शेजारी अल्फ. दोघांना दारात पाहून तो उठला आणि मग पुन्हा बसला, पळायला कुठे जागाच नसल्यासारखा.

"बँबरने चिमणी एंडला गोल केला, अल्फ," हिल्डा म्हणाली. "पाहुण्यांनी बाजू उलटवल्या होत्या काल."

"आमच्या पुढ्यात?" अल्फने विचारलं, आणि क्षणभर त्याच्या तोंडावर चोरीचं नाही, तो गोल चुकल्याचं दुःख होतं.

"कोण रे ही?" म्हातारीने विचारलं.

"मी हिल्डा, मिसेस टॅटरसॉल. हा सिरिल. आम्ही क्लबातले." हिल्डा तिच्यापुढे खाली बसली. "पदक सोडून हातमोजे नेतो आणि कार्ड पालथं घालतो तो घरचाच माणूस. टॅटरसॉल हे तुमच्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव, हो ना? आधी तुम्ही मिसेस ऑर्मरॉड होता."

सिरिलने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"होते," म्हातारी म्हणाली. "एडिथ ऑर्मरॉड. आहे अजून, मनातून."

मग ती सांगू लागली. आवाज बारीक, पण गोंधळ नाही. फायनलच्या आधीच्या सरावात वॉल्टरचा हात चेंडू आणि खांब यांच्यामध्ये सापडला. मधली दोन बोटं मोडली. दुसरा गोलकीपर तापाने अंथरुणाला खिळलेला. त्या वेळचे मॅनेजर घरी आले, तिच्या स्वयंपाकघरात उभे राहिले आणि म्हणाले, खेळ, आणि कुणाला बोलू नकोस. कळलं तर समोरचे डाव्या हातावरच चेंडू मारतील. वॉल्टरने शब्द दिला. तिने दोन बोटं पातळ पट्टीला बांधली आणि बांधलेल्या बोटांवर बसेल असा हातमोजा रात्रीतून विणला.

"हरल्यावर ते मॅनेजर बोलले नाहीत?" सिरिलने विचारलं.

"ते कशाला बोलतील? आणि वॉल्टर म्हणाला, आता सांगितलं तर सबब सांगतो म्हणतील. हातमोजे तिथेच फेकून आला. पुन्हा कधी चेंडूला हात लावला नाही त्याने." तिने लोकरीवरून बोट फिरवलं. "त्या दिवशी आधी किती चेंडू अडवले होते माझ्या माणसाने. ते कुणाच्या लक्षात नाही."

"मला आत्ता कळलं, गेल्या हिवाळ्यात," अल्फ म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटत होतं बापाने चेंडू सोडला म्हणजे सोडला. मी गावात आलो तेव्हा नाव सांगायची लाज वाटली. नंतर सांगणार कसं? मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडायचो. आणि काल पत्रिकेच्या मागच्या पानावर तो लाकडी पुतळा पाहिला. 'ऑर्मरॉडला हरवा.' शिट्टी झाली, सगळ्यांचे डोळे मैदानावर, आणि माझे पाय उलटे फिरले. काउंटरवाली पोरं सुद्धा खेळ बघत होती. किल्ली परत खिळ्यावर अडकवली आणि दूधवाल्याच्या फाटकातून बाहेर पडलो. आईच्या हातात दिले आणि इथेच बसलो. सिरिल, तुझ्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे. देवाशपथ नाही आलं. उद्या बोर्डापुढे जाऊन मी सांगतो. पोलिसात द्यायचं तर देऊ देत."

ते कार्ड सिरिलने लिहिलं होतं, आणि त्या अक्षराचा त्याला किती अभिमान होता हे हिल्डाला ठाऊक होतं. तो म्हातारीपुढे गेला. मोठ्या कष्टाने गुडघ्यांवर बसला.

"बाई, ते वाक्य माझं होतं," तो म्हणाला.

एडिथने त्याला निरखून पाहिलं. "अक्षर छान आहे म्हणाला अल्फ," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आधी विचारत जा."

"पोलिसात कुणी जायला नको," हिल्डा म्हणाली. "खिडकीमागे इतकी वर्षं मी दुसरं केलं काय? वस्तू सापडली की पहिला प्रश्न, कुणाची? मिसेस ऑर्मरॉड, हे हातमोजे तुम्ही क्लबला कधी दिले होते?"

"मी? मी कशाला देऊ?"

"वॉल्टरने?"

"तो फेकून आला. मी त्याच्यासाठी विणले होते, दुसऱ्या कुणासाठी नाही."

"मग क्लबने ते उचलून ठेवले, एवढंच. ज्यांचे होते त्यांच्या घरी गेले. याला चोरी म्हणायची झाली तर आधी कपाट कुणी भरलं ते विचारावं लागेल," हिल्डा म्हणाली. "आता त्यांचं काय करायचं हे तुम्ही सांगायचं. प्रेंटिसने नाही, अल्फने नाही आणि सिरिलनेही नाही."

म्हातारीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली मैदानाचे चार दिवे आणि चिमणी दिसत होती. मार्लडेनला परत येऊनही ती त्या भिंतींच्या आत गेली नव्हती.

"तुझी खोली उद्या जाणार का रे?" तिने सिरिलला विचारलं.

"बहुतेक."

"बघू," एडिथ ऑर्मरॉड म्हणाली.

६

सोमवारी बोर्डाची बैठक वर सुरू व्हायची होती, पण सगळे खाली सिरिलच्या खोलीच्या दाराशी अडले होते. कारण अल्फने चाकांच्या खुर्चीतून आणलेली एक म्हातारी दारातच बसली होती आणि हलायला तयार नव्हती. मांडीवर हातमोजे होते. प्रेंटिसनी आधी आवाज चढवला, मग ती कोण हे कळल्यावर उतरवला, आणि बोटांची हकीकत ऐकल्यावर ते आपल्या बुटांकडे बघू लागले. अध्यक्षांचे वडील छत्तीस साली बोर्डावर होते. अध्यक्ष म्हातारीच्या नजरेला नजर देईनात.

"लाकडी पुतळा मी आजच काढायला लावतो," प्रेंटिस म्हणाले. माणूस अगदीच वाईट नव्हता.

"काढा. आणि हे मी उसने देतेय, दान नाही," ती म्हणाली. "इथे, नाहीतर तुमच्या त्या नव्या ठिकाणी. पण राखायचे ते याने." तिने सिरिलकडे बोट केलं. "किल्ली दुसऱ्या कुणाकडे दिसली तर अल्फ येऊन घेऊन जाईल. कसे न्यायचे ते त्याला ठाऊक आहे."

अल्फ एवढा मोठा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. अध्यक्षांनी मान डोलावली. प्रेंटिसनी खिशातून किल्ली काढली आणि सिरिलच्या हातावर ठेवली.

सिरिलने कपाट उघडलं. नवं कार्ड तयार होतं, आदल्या दुपारी तिच्यापाशी बसून, तिला एकेक शब्द विचारून लिहिलेलं: 'वॉल्टर ऑर्मरॉड, गोलकीपर. दोन बोटं मोडलेली असताना हे घालून खेळला.' खाली 'विणकाम: एडिथ ऑर्मरॉड.' सिरिल हातमोजे घ्यायला पुढे झाला, पण तिने ते दिले नाहीत. अल्फने खुर्ची कपाटाला लावली. तिने आधी उजवा ठेवला, मग डावा, रुंद बोट सगळ्यांना दिसेल असं वर करून. नीट झालंय का ते दोनदा पाहिलं.

"लाव आता कुलूप," ती सिरिलला म्हणाली.